आवाज जुळत न्हाई

नोकरीवर लिहितोय म्हणल्यावर तुमच्या डोक्यात पिच्चर चालू झाला असंल. गावातलं पोरगं, अभ्यासिकेत रातंदिस बसतंय, एका मार्कानं हुकतंय, परत बसतंय, आन् शेवटी गळ्यात हार, डीजे आन् वेशीवर फ्लेक्स. तसलं काय व्हणार न्हाई, आधीच सांगतो. माझा फोटो फ्लेक्सवर एकदाच आला, तोबी दहीहंडीच्या, खालून तिसऱ्या लायनीत, अर्धा कान कापलेला. आता दुसऱ्यांना वाटलं असंल, मंग ह्यानं मोबाईलवर व्हिडिओ टाकून गाडी घेतली असंल. तेबी न्हाई. ज्यांना उठायचंय त्यांनी उठा. राहिलेल्यांना सांगतो, ही गोष्ट माझ्या नोकरीची न्हाईच. माझ्या ताईच्या नोकरीची हाय, आन् ती मी कशी घालवत आणली त्याची.

ताई म्हंजी माझी चुलतबहीण. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिनं डी.एड. केलं तवा सगळ्या भावकीत पेढे वाटले, कारण मास्तरीण म्हंजी कायमची भाकरी. मंग भरतीच निघंना. निघाली तर अडकली, सुटली तर जागा कमी. तवर ताई शिरूरच्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागली. तिथली नोकरी पाहुण्यासारखी. जूनला यायची, एप्रिलला जायची. दर उन्हाळ्यात ताई बेकार आन् दर पावसाळ्यात मॅडम. असं सहा वर्षं.

मंग तिला हे काम मिळालं. पुण्यातली एक कंपनी व्हती, मोबाईलला आपली बोली शिकवायची म्हणून गावोगावच्या माणसांचे आवाज गोळा करायची. शहरातलं मराठी मोबाईलला कळतंय, पण आपल्याकडं कोण म्हणलं, "आरं जरा बघ की कांद्याचा बाजार काय निघालाय," की मोबाईल गप बसतो, नवीन सुनंवानी. तर शिरूर आन् दौंड ह्या दोन तालुक्यांचं काम ताईकडं. तीन महिने ट्रायल. काम चोख झालं तर लेटर मिळणार व्हतं. पूर्ण वर्षाचं, पीएफ कापणारं. ताई पीएफ हा शब्द असा म्हणायची, जसं बाकीच्या पोरी मंगळसूत्र म्हणतात.

आन् एक गोष्ट तिनं केली, जी आमच्यात कोण करत न्हाई. तिनं शाळेला आधीच नाही म्हणून सांगितलं. आमच्याकडं हातातली फांदी घट्ट धरूनच दुसरीकडं हात घालतात. ताई म्हणली, "दोन्हीकडं पाय ठेवून सहा वर्षं उभी राहिले, गुडघे दुखाया लागले." म्हंजी आता लेटर आलं न्हाई तर जूनमध्ये शाळाबी न्हाई आन् कंपनीबी न्हाई.

आता माझं. मी शिरूरला बीकॉम केलं, म्हंजी मी बीकॉमला सहन केलं आन् बीकॉमनं मला. मला एकच गोष्ट येती, नकला. एसटीचा कंडक्टर, मार्केट यार्डात लिलाव बोलणारा, सत्यनारायणाची कथा उरकणारे गुरुजी, आमचे सगळे काके, एक सोडून सगळ्या मास्तरांचे आवाज. एक मास्तर हुबेहूब निघत न्हाई, कारण ते कवा शाळेत आलेच न्हाईत.

मामा दौंडला रेल्वेत हाय, परमनंट. दौंडात पोरगी देताना घर बघत न्हाईत, क्वार्टर बघतात. मामाचा माझ्यामागं एकच धोशा, रेल्वेचा फॉर्म भर.

"भाच्या, सरकारी नोकरी म्हंजी कसं, गाडी लेट व्हती, पण येती."

मी त्याला स्टेशनावरच्या बाईच्या आवाजात गाडी लेट असल्याबद्दल खेद व्यक्त करून दाखवला. मामी हसली. मामानं चप्पल शोधली.

"हस हस. ती बाई कवाच घरी गेली असंल. तिचा आवाज अजून ड्युटीवर हाय. तुला घरी बसवतील आन् आवाज ठेवून घेतील."

"मामा, मशीनला माणसासारखी नक्कल जमत न्हाई. आवाजाला मरण न्हाई."

"आवाजाला न्हाई रे. तुला हाय."

मी हे बोलणं हसण्यावारी नेलं. तवा मी ताईबरोबर गाडीवर मागं बसून गावं फिरायचो. तिच्याकडं स्कुटी, माझ्याकडं रिकामा वेळ.

काम असं व्हतं. ताईच्या मोबाईलमध्ये ॲप. माणसाला समोर बसवायचं, त्याचं वय आन् नंबर टाकायचा. मंग एक एक फोटो दिसतो. विहीर, बाजार, पाटाचं पाणी, लग्नातली पंगत, मेंढरं. फोटो बघून माणसानं आपल्या भाषेत बोलायचं. आधी एक वाक्य बोलायचं की मी माझ्या मर्जीनं आवाज देतोय. झालं की त्याच्या मोबाईलवर एका महिन्याचा रिचार्ज पडतो.

पोरं तर रांगेत उभी राहायची. बायाबी बोलायच्या, एकदा चालू झाल्या की पंगतीच्या फोटोवर पार वाढप्याची खोडी काढून थांबायच्या. अडचण म्हाताऱ्यांची व्हती. कंपनीला साठीच्या वरची माणसं पाहिजे व्हती, कारण खरी बोली त्यांच्याकडं हाय. आन् म्हातारी माणसं नंबर म्हणला की गप. केंदूरला एका आप्पानं तोंडावर रुमालच धरला.

"न्हाई बाई. मागल्या साली एकाला आकडा सांगितला तर बँकेतलं साफ झालं. आता आवाज सांगितला तर काय जाईल, कुणाला म्हाईत."

ताई त्यांना चहा घेत समजवायची. एका माणसाला अर्धा दिवस जायचा. त्यात कांदा काढणी लागली, आन् वरनं लग्नं. म्हातारी माणसं एकतर वावरात न्हाईतर मांडवात. शेवटचे पाच दिवस राहिले तवा बारा म्हातारी कमी पडत व्हती. त्यात वडगाव रासाईच्या बाजूचे आमचे आबाबी.

आबा आमच्या नात्यातले न्हाईत, वस्तीशेजारचे. उभी हयात मेंढरामागं चालले, आता पाच एकरात ऊस न् कांदा करून एका जागी बसलेत. पण बोलताना अजून मध्येच थांबून मान वळवतात, कळप मोजल्यासारखी. आबांची नक्कल ही माझी सगळ्यात गाजलेली. लग्नात लोक सांगून करायला लावतात. आबा स्वतः पुढं बसून बघतात आन् म्हणतात, "नाक जरा कमी वाजव, मी काय सर्दीचा न्हाई."

ताई मला म्हणली, "मी दौंडकडची पाच माणसं बघते. तू वस्तीवरची सात कर. आबांपासून सुरू कर, ते तुझं ऐकतात." तिनं मला दुसरा मोबाईल दिला, ॲप टाकून.

दुसऱ्या दिवशी ताईला ताप आला. लई न्हाई, पण उठंना. मला फोन केला, आवाज पार बसलेला. "राहिलेली पाचबी तूच बघ. तारीख चुकली तर ते लेटर देणार न्हाईत, सरळ सांगितलंय त्यांनी."

मी म्हणलं, "ताई, तू झोप. बाराच्या बारा करतो."

इथं माझ्या मनात पाप आलं म्हणू का शहाणपण, मला अजून कळलं न्हाई. मी हिशेब केला. एका म्हाताऱ्याला अर्धा दिवस. बारा म्हाताऱ्यांना सहा दिवस. हातात चार. आन् माझ्या गळ्यात बाराच्या बारा आधीच बसलेले, दौंडकडचे पाचबी ताईबरोबर फिरताना ऐकलेले.

मी दौंडला गेलो. मामा ड्युटीवर, मामी माहेरी. क्वार्टरमधल्या खोलीत दार लावलं, पंखा बंद केला कारण ॲपला पंख्याचा आवाज चालत न्हाई, आन् गाड्यांचा खडखडाट यायला नको म्हणून अंगावर दोन गोधड्या घेतल्या. एप्रिल महिना. आत मी, मोबाईल आन् बारा म्हातारी माणसं.

एकाचे दात नव्हते, तवा मी व्हट हिरड्यावर ओढून धरले. एक आप्पा बहिरे, ते ओरडूनच बोलतात, मोबाईल दूर धरला. एक आजी प्रत्येक फोटो बघून आधी "अगं बया" म्हणायची. एकाचा तंबाखूमुळं 'प' व्हटातनं सांडायचा. आबांना मी शेवटी ठेवलं, जेवणात गोड ठेवतात तसं. मेंढरांचा फोटो आला तवा आबांच्या आवाजात अशी हाळी घातली की बाहेर शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं. दोन दिवसात काम खलास. घामानं दोन किलो कमी झालो असंन.

रिचार्ज मात्र ज्याच्या त्याच्या नंबरवरच गेला. वस्तीवरचे नंबर मला पाठ व्हते, सगळ्यांचे रिचार्ज मीच मारून देतो; दौंडकडचे ताईच्या यादीत व्हते. म्हणलं, कुणाचं काय गेलं? उलट म्हाताऱ्यांना फुकट बोलायला मिळालं.

ताईला सांगितलं, झालं. ती तापात हसली. "आबा बोलले का नीट?"

"लई बोलले."

आठ दिवसांनी कंपनीचा साहेब आला, तपासायला. ताईच्या वयाचाच असंल, चष्मा, पाठीवर बॅग, बोलायला गोड. नियम असा की बाराशे आवाज असूंद्या न्हाईतर दोनशे, त्यातली चार-पाच माणसं साहेबानं स्वतः भेटायची. त्यानं ताईला सांगितलं, "मॅडम, तुमचं काम सगळ्यात स्वच्छ आलंय. आज एवढं झालं की मी तुमचं लेटर पुढे पाठवतो." ताईनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी पाणी पिलो.

पहिली दोन माणसं खरी निघाली, ताईनं घेतलेली. तिसरं नाव आबांचं.

आबा गोठ्यापुढं बाजेवर बसले व्हते. साहेब वाकून पाया पडला, आबांना आवडलं. मंग साहेबानं मोबाईल पुढं केला.

"आजोबा, काही नाही, दोन वाक्यं बोला फक्त. मागच्या वेळी बोललात तसं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या मागच्या गाईकडं बघितलं.

"मागल्या येळंला?" आबा म्हणले.

मी पटकन बोललो, "आबा, बोला की. पाऊसपाण्याचं बोला."

आबा बोलले. "ह्या साली हिरीला पाणी हाय, पर लाईट न्हाई. लाईट येती तवा पाणी आटलेलं आसतंय." मोबाईलवर गोल फिरलं आन् लाल झालं.

"आवाज जुळत नाही," साहेब म्हणला. "परत एकदा, आजोबा. थोडं जवळून."

आबा जवळून बोलले. लाल. उभं राहून बोलले. लाल. पाणी पिऊन, घसा खाकरून, मान वळवून बोलले. लालच. दोन साल झाली, आबांचं बोट तालुक्याच्या मशीनवर उमटत न्हाई. हयातीचा दाखला काढायला गेले तवा जिवंत हाय म्हणून साक्षीला दोन माणसं न्यावी लागली व्हती. त्यामुळं मशीनचा राग त्यांना आधीच व्हता.

"तुमच्या यंत्राला सांगा," आबा म्हणले, "मी मीच हाय. दुसरा कोण बसलाय ह्या बाजंवर?"

साहेबानं ताईला बाजूला घेतलं. मी ऐकण्याइतका जवळ व्हतो. तो रागावला नव्हता, तेच वाईट व्हतं.

"मॅडम, रेकॉर्डिंगमधला माणूस अस्सल आहे. आमच्याकडं सगळ्यांनी ऐकलंय ते, मेंढरांना हाक मारतो ते तर आम्ही नमुना म्हणून ठेवलंय. हे गृहस्थ ते नाहीत. तुम्ही आज दुसऱ्याच कुणाला तरी बसवलंय."

"सर, मी लहानपणापासून ओळखते ह्यांना. हेच आबा आहेत."

"मग मला तसं लिहावं लागेल. ओळख पटली नाही, समन्वयकाने बदली माणूस उभा केला."

ताईचा चेहरा मी तसा कवा बघितला नव्हता. ती नुसती आबांकडं बघत व्हती, आन् आबा मोबाईलकडं.

मी पुढं गेलो आन् साहेबाच्या हातातल्या मोबाईलजवळ तोंड नेलं. "ह्या साली हिरीला पाणी हाय, पर लाईट न्हाई." आबांच्या आवाजात. नाक जरा कमी वाजवून.

मोबाईल हिरवा झाला.

गाईनं शेपूट हलवलं, तेवढंच. साहेबानं मोबाईल खिशात घातला, परत काढला, परत बघितलं.

"किती?" त्यानं मला विचारलं.

"बारा."

"आजीसुद्धा? ती अगं बया म्हणणारी?"

"तीबी."

त्यानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हसतोय. नव्हता हसत. "आपल्या सिस्टीमनं सगळे पास केले," तो स्वतःशीच म्हणला. "म्हणजे एकच माणूस बारा वेळा आलाय का, हे ती बघतच नाही." त्याचीबी नोकरी कुठंतरी हालली असंल त्या वक्ताला, मला नंतर वाटलं. तवा मला फक्त ताई दिसत व्हती.

ताईनं तिथंच बाजेच्या कडंला बसून कंपनीला लिहिलं. बारा आवाज खोटे, माझ्या देखरेखीत झाले, जबाबदारी माझी. माझं नावबी टाकलं न्हाई, 'मदतनीस' लिहिलं. साहेब म्हणला, मी कारण थोडं सौम्य करतो. ताई म्हणली, नको.

लेटर आलं न्हाई. मेल आला. बारा आवाज परत घ्या, बाकीचे सगळे परत तपासले जातील, आन् ट्रायल अजून तीन महिने. पीएफचा उल्लेख न्हाई. शाळेत तिच्या जागेवर तवर दुसरी पोरगी लागली व्हती.

आता शिव्या. क्रमानं सांगतो. पहिला मामाचा फोन. तो जास्त बोलला न्हाई, "माझ्या क्वार्टरमध्ये गोधडी घेऊन बसला व्हता? सरकारी जागेत?" एवढंच तीनदा म्हणला. त्याला तेच सगळ्यात लागलं व्हतं.

दुसरे आबा. त्यांनी मला बाजेवर बसू दिलं न्हाई, उभं ठेवलं.

"लग्नात करतोस तवा मी पुढं बसतो का न्हाई?"

"व्हय आबा."

"मंग हितं मला का न्हाई बसवलं? ताई म्हणली व्हती, आबा, तुमचा आवाज घ्यायला येणार हायेत. आठ दिस धुतलेलं धोतार नेसून बसलो. कांद्याला गेलो न्हाई. सून म्हणली, आबा, कोण येत न्हाई आता. आन् तू तिकडं दौंडात माझी मेंढरं हाकत व्हतास." त्यांनी मान वळवली, कळप मोजल्यासारखी. "हाळी तरी बरोबर घातलीस का?"

मी घालून दाखवली.

"चुकीची हाय. ही पाण्यावर न्यायची हाय. चरायची येगळी. आता त्या मोबाईलमधी कायमची चुकीची बसली."

आन् शेवटी ताई. तिसऱ्या दिवशी नदीवरनं पलीकडं जाताना, पुलाच्या मध्यावर स्कुटी थांबवली आन् माझ्याकडं न बघता चालू झाली.

"तुझ्यासाठी केलं, असं म्हणशील तर इथंच उतर. तुला उन्हात फिरायचं नव्हतं म्हणून केलं. कुणी दार लावून घेतं, कुणी चहा देऊन नाही म्हणतं, ते तुला झेपत न्हाई. तुला टाळ्या लागतात. मी सहा वर्षं दुसऱ्याच्या मर्जीवर शिकवलं, एक दिवस खोटी हजेरी लावली न्हाई. आन् माझ्या पहिल्या चांगल्या कामात बारा माणसं खोटी निघाली, तीबी माझ्या घरातल्यानं केलेली. साहेब मला चोर समजला असता तरी चाललं असतं रे. आबांना तोंडावर तुम्ही तुम्ही न्हाई म्हणला, आन् मी तिथं उभी. ते कुणाला सांगू मी? हसू नको. हसत नसशील तर ते तोंड तसं करू नको. आता बारा माणसं मी घेणार, तू नुसता मोबाईल धरायचा. एक शब्द बोलायचा न्हाई, कुणाच्याच आवाजात. तुझ्यासुद्धा. कळलं का? मान हलवू नको, गाडी हालती. हो म्हण."